नागपूरच्या परसबागेसाठी सफरचंदाची जात कशी निवडावी

सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात विश्रांती लागते आणि ती पुरेशी मिळाली की नाही, हे साधारण 7 अंशांखालील थंडीच्या तासांवरून मोजतात. म्हणून जात निवडताना फळाच्या रंगाआधी हा आकडा विचारावा. डेलिशससारख्या डोंगराळ भागातील जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता खरा, परंतु अशा रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याने त्या जातींचे झाड येथे वाढले तरी फुलण्याची आशा धरू नये. बाजारातील फळाची बी पेरण्याचा मोहही टाळावा, कारण बियांपासून मूळ जातीचे फळ मिळत नाही.

आपल्याकडे विचार करण्याजोगी नावे तीनच आहेत: हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली एचआरएमएन-99, इस्रायलची अ‍ॅना आणि बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन. अ‍ॅनाला एकटे लावू नये. तिला परागीकरणासाठी जवळपास एकाच वेळी फुलणाऱ्या डॉर्सेट गोल्डनची सोबत द्यावी. अंगणात एकाच झाडापुरती जागा असेल, तर स्वपरागित म्हणून ओळखली जाणारी एचआरएमएन-99 निवडावी. जागा असल्यास मी मात्र जोडीलाच पसंती देईन.

यानंतर कलमाचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेले असते ते रोप, पाहावा. संत्र्याचे कलम घेताना जंबेरी या लिंबाच्या प्रकाराचा खुंट आहे का, हे आवर्जून विचारणारा नागपूरकर सफरचंदाच्या वेळी हा प्रश्न विसरतो, आणि येथे तर तो अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या काळ्या, चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. एमएम-106 या खुंटाला अशा ओलीत बुंध्याची कूज लवकर होते, तर एमएम-111 भारी जमीन आणि पाण्याचा ताण त्या मानाने बरा सोसतो. कोणताही खुंट मिळाला तरी मुरूम आणि शेणखत मिसळून उंचवटा करावा व कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवावा. लागवड डिसेंबर-जानेवारीत, दोन झाडांत सुमारे 3 मीटर अंतर ठेवून करावी.

जागा मात्र उन्हाळा डोळ्यांसमोर आणूनच ठरवावी. सकाळचे ऊन मिळेल आणि पश्चिमेकडून भिंतीची किंवा मोठ्या झाडाची सावली पडेल, अशी बाजू उत्तम. तशी ती नसल्यास मे महिन्यातील 45 अंशांच्या उन्हात शेडनेट लागेल, बुंध्याला चुना लावावा लागेल आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे लागेल. या जातींची फळे जूनच्या सुमारास तयार होत असल्याने नेमक्या याच काळात ती झाडावर असतात. त्यामुळे काश्मिरी फळासारखी लाली त्यांच्यावर चढेल, ही अपेक्षा ठेवू नये.

पहिली दोन वर्षे फुले आली तरी खुडून टाकावीत.