फुटबॉल लिलीला दिलेला ताण

परभणीतील आमच्या परसात लावलेले फुटबॉल लिलीचे कंद सलग दोन पावसाळ्यांत कुजले, तेव्हा दोष कंदांचा नसून पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीचा आहे, हे उकरून पाहिल्यावर उमगले. उरलेल्या एकमेव कंदाचा मऊ पडलेला भाग कापून, तेथे राख लावून तो आठवडाभर सावलीत सुकवला आणि जाड वाळू व पालापाचोळ्याचे खत समप्रमाणात भरलेल्या कुंडीत, मान वर राहील असा लावला. मूळच्या आफ्रिकेतील या वनस्पतीला कोरडी विश्रांती लागते. म्हणून हिवाळ्यात पाने पिवळी पडताच, मोसंबीला बहारासाठी देतात तसा, ताण दिला, म्हणजे पाणी देणे थांबवले. (शेजारच्या मावशी मात्र दयेपोटी तांब्याभर पाणी ओतू पाहत.) मे महिन्यात लालभडक गोल फुलला.