मोटरहोमची हाउस बॅटरी घेताना

इकडे परदेशात जरा स्थिरस्थावर झाल्यावर हौसेने जुनी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेणारे आपले बरेच जण हल्ली भेटतात. इंजिन, टायर, छताची गळती सगळं नीट बघून घेतात आणि हाउस बॅटरीचा, म्हणजे आतले दिवे, पंप, फ्रिज चालवणाऱ्या बॅटरीचा, विषय मात्र ‘किती अँपिअर-अवरची (म्हणजे किती वीज साठवणारी) घेऊ?’ एवढ्यावर आटोपतात. तो प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवा, की वापरलेली वीज रोज परत भरणार कशी?

घरी इन्व्हर्टरची बॅटरी सांभाळलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. ती बॅटरी बहुतेक वेळ पूर्ण चार्ज होऊन बसलेली असते. मोटरहोममधली रोज रात्री उतरते, आणि दुसऱ्या दिवशी ढग आले, गाडीही हलली नाही, तर तशीच अर्धवट राहते. लेड-ॲसिडची, म्हणजे शिसे आणि आम्लाच्या नेहमीच्या बॅटरीची, वाट लागते ती इथेच. प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि क्षमता कायमची घटते.

आता एका दिवसाचा हिशेब मांडू. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर घेतो. निम्मा वेळ चालला तरी २४ तासांत ४८ अँपिअर-अवर गेले. लॅपटॉपचे तीन तास इन्व्हर्टरच्या घटीसकट १७, डिझेल हीटरच्या पंख्याचे दहा-बारा, दिवे-पंप मिळून सहा. झाले ऐंशीच्या वर. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे एजीएम (पाणी भरावं न लागणारी, बंदिस्त लेड-ॲसिड) घ्यायची तर १६०-२०० ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ची पुरते, कारण तिच्यातली ८०-९० टक्के वीज बिनघोर वापरता येते. वजन बघाल तर २०० ची एजीएम पन्नास-साठ किलो, १०० ची लिथियम साधारण बारा. गाडीच्या वजनमर्यादेला टेकलेल्यांनी एवढ्यावरच निर्णय घेतला तरी चालेल.

विजेची किटली मात्र या हिशेबात धरू नका. हजार वॉटची किटली इन्व्हर्टरमार्फत बॅटरीतून नव्वद-शंभर अँपिअर ओढते. चहा गॅसवरच करा. जुन्या गाडीत गॅस, मेन्स (बाहेरच्या जोडणीची घरगुती वीज) आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल, तर उभ्या गाडीत तो १२ व्होल्टवर कधीच ठेवू नका. सलग दहा-पंधरा अँपिअर खातो.

माझं मत विचाराल, तर बहुतेक रात्री वीजजोडणी असलेल्या कॅम्पसाइटवर जाणार असतील तर लिथियमवर पैसे घालवू नका. चांगली एजीएम पुरते. जोडणीशिवाय रानात राहायचं असेल तर लिथियम. कारण लेड-ॲसिडचे शेवटचे वीस टक्के भरायला कितीही मोठा चार्जर लावा, तासन् तास लागतात, आणि तोवर छतावरच्या पॅनेलवरचं ऊन उतरून जातं. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत भराभर वीज घेते.

याच हावरेपणामुळे ती थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडायची नसते. तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा) हवाच. जुन्या मेन्स चार्जरला आणि सोलर कंट्रोलरला (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या उपकरणाला) लिथियमची सेटिंग आहे का, तेही बघा. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. आत धातुरूप लिथियम साचून सेल खराब होतात. बीएमएस (बॅटरीतली संरक्षक यंत्रणा) थंडीत चार्जिंग तोडते का, हे विकत घेण्याआधी विचारा. स्वस्त बॅटऱ्यांत ही सोय नसतेही.

बॅटरी किती उरली हे कळण्यासाठी लेड-ॲसिडचा व्होल्टेज सकाळी उठल्या उठल्या, पंप-दिवे लावण्याआधी आणि पॅनेलवर ऊन यायच्या आत बघावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियममध्ये हा उपाय चालत नाही, ती बराच काळ १३.२ च्या आसपासच रेंगाळते. तिथे ऋण टोकाला शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर लावा, आणि सगळ्या ऋण वायरी शंटच्या पलीकडून घ्या. एखादी थेट बॅटरीला राहिली तर आकडा खोटा येतो.

बाकी देखभाल फार नाही. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरावं. आधी भरलंत तर उतू जातं. तिला बाहेर उघडणारी हवेची वाटही हवी, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. मोठा भार चालवून लगेच टर्मिनलजवळ हात न्या. एखादं जोड इतरांपेक्षा गरम लागलं तर ते सैल किंवा गंजलेलं आहे. धन वायरीवरचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडू नका, नवी लवकर जुनी होते.

हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा, उतरलेली गोठून फुटू शकते. लिथियम निम्म्याच्या आसपास ठेवून वेगळी करा. नुसती मुख्य बटणं बंद करून भागत नाही. गॅसचा अलार्म, रेडिओ, ट्रॅकर बऱ्याचदा त्या बटणाला वळसा घालून जोडलेले असतात आणि महिना-दोन महिन्यांत बॅटरी रिकामी करतात. ऋण टोक सोडवून ठेवलं की हा प्रश्न मिटतो. पण सोलर पॅनेल असेल तर आधी त्याची वायर काढा, कारण बरेच कंट्रोलर बॅटरीशिवाय पॅनेल जोडलेलं राहिलं की बिघडतात.