छोट्या मेनोनाइट मंडळीचा इतिहास लिहायचा आहे? धमतरीच्या उदाहरणातून पद्धत

मेनोनाइट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीने (स्थानिक चर्चने) शताब्दीची स्मरणिका काढायची म्हटली की पहिला वाद स्थापनेच्या वर्षावरून होतो. छत्तीसगडमधल्या धमतरीचेच घ्या. अमेरिकन मेनोनाइट मिशनचे जे. ए. रेसलर आणि डॉ. विल्यम पेज व त्यांच्या पत्नी मार्च 1899 मध्ये मुंबईत उतरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धमतरीत पोहोचले. पण हे मिशनचे वर्ष झाले, मंडळीचे नव्हे. म्हणून सुरुवातीलाच पाच रकाने आखा: मिशनऱ्यांचे आगमन, पहिला स्थानिक बाप्तिस्मा, मंडळीची रीतसर स्थापना, पहिले स्थानिक पाळक, उपासनागृहाचे समर्पण. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. शेजारची तारीख ओढून त्यात बसवू नका.

पुढची चूक नावांची. भारतात मेनोनाइटांच्या अनेक शाखा आहेत. धमतरी अमेरिकन मेनोनाइट मिशनच्या शाखेचे, चांपा–जांजगीर जनरल कॉन्फरन्सचे, तर तेलंगणातले नलगोंडा–महबूबनगर मेनोनाइट ब्रदरनचे. धमतरीचे कागद अमेरिकेत एल्कहार्ट (इंडियाना) इथल्या अभिलेखागारात शोधावेत, चांपाचे नॉर्थ न्यूटनच्या (कॅन्सस) बेथेल कॉलेजात. धमतरीला माणसे पाठवणाऱ्या मंडळाचे नावही 1906 मध्ये बदलले: आधी ‘मेनोनाइट इव्हँजेलायझिंग अँड बेनेव्होलंट बोर्ड’, नंतर ‘मेनोनाइट बोर्ड ऑफ मिशन्स अँड चॅरिटीज’. एकाच नावाने शोधले तर निम्मे हाती लागत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीला द्या, कारण तीच सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. मेनोनाइट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो होतो. त्यामुळे ही वही जन्मनोंद नव्हे, आणि सभासदसंख्या म्हणजे ख्रिस्ती लोकसंख्याही नव्हे. जनगणनेत मुले मोजली जातात, सभासदांच्या यादीत बाप्तिस्मा न झालेली मुले नसतात. दोन आकडे जुळले नाहीत म्हणून एक खोटा ठरवू नका.

धमतरीत याला दुष्काळाची जोड आहे. 1899–1900 च्या दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनने सांभाळली आणि सुरुवातीच्या सभासदांत त्यांचा मोठा वाटा होता. अशा मुलांचे वय बहुधा अंदाजाने लिहिलेले असते. ‘सुमारे’ हा शब्द तुमच्या मजकुरातही ठेवा. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड करा: वहीतले नाव, बदललेले नाव, रोमन लिपीतली सगळी रूपे, साक्षीदार, पान क्रमांक. दोन कार्डे एकाच माणसाची वाटली तरी नावाखेरीज आणखी दोन गोष्टी (गाव, जोडीदार, व्यवसाय) जुळल्याशिवाय एकत्र करू नका.

मिशनऱ्यांची पत्रे अमेरिकेतल्या मेनोनाइट नियतकालिकांत छापून येत: 1908 पर्यंत ‘हेराल्ड ऑफ ट्रुथ’मध्ये, पुढे ‘गॉस्पेल हेराल्ड’मध्ये सापडतात. टपाल बोटीने जायचे, त्यामुळे अंकाची तारीख ही घटनेची तारीख नसते. पत्राच्या माथ्यावरची तारीख घ्या. आणि ही पत्रे देणगीदारांसाठी लिहिलेली, हे विसरू नका. त्यांत यश ठळक असते, मंडळी सोडून गेलेले क्वचितच दिसतात. ते बैठकांच्या कार्यवृत्तात आणि जमाखर्चात शोधावे लागतात.

जमाखर्चात 4-8-6 असे दिसले तर ते 4 रुपये 8 आणे 6 पै. 12 पैंचा आणा, 16 आण्यांचा रुपया. ही पद्धत 1 एप्रिल 1957 ला बदलली. दशांश चिन्ह समजून एक्सेलमध्ये भरले की अख्खी बेरीज फसते. आधी सगळ्याच्या पै करा, मग बेरीज मारा.

जमिनीचे कागद हमखास दुर्लक्षित राहतात. मिशनने 1906 मध्ये बालोदगहन हे गाव विकत घेतले, म्हणजे मिशन तिथले मालगुजार (सरकारला सारा भरणारे जमीनमालक) झाले. पाळक आणि जमीनमालक एकच असल्यावर धर्मांतराचा अर्थ काय लावायचा, हा अवघड प्रश्न स्मरणिकेत टाळला जातो, टाळू नये. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तिथपर्यंतचे बंदोबस्ताचे (जमिनीचा सारा ठरवण्याचे) कागद पाहा. धमतरी ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे प्रांतिक सरकारशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी नागपूरचे अभिलेखागारही चाळायला हवे. इथे मराठी माणसाला प्रवास कमी करावा लागतो, एवढाच फायदा.

वह्या हाताळताना हात कोरडे हवेत, जवळ पेन नको, पेन्सिल ठेवा. फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात, पानाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. कोरी पानेही काढा, नाहीतर मधले पान सुटले की नव्हतेच, हे पुढे कळत नाही. चिकटलेली पाने ओढू नका. फाटलेल्यावर सेलोटेप नको (काही वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षरे खातो), लॅमिनेशन तर मुळीच नको.

वडीलधाऱ्यांशी बोलायला जाताना वर्षे विचारू नका, जुना फोटो समोर ठेवा. पाऊण तास पुरे. त्याच दिवशी मजकूर उतरवा.

छापण्याआधी एक चाळणी: शिस्तभंगाचे ठराव, कुष्ठरोगाच्या नोंदी, अनाथांचे मूळ घर. यांतली नावे कुटुंबाला विचारल्याशिवाय छापू नयेत.