प्रीॲम्पची घरघर घालवणारा साधा रेग्युलेटर

आमच्या ऐरोलीत संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की लाईट जरा खाली बसते, आणि माझ्या प्रीॲम्पमध्ये (मुख्य ॲम्प्लिफायरआधी सिग्नल वाढवणारं सर्किट) घरघर यायची, शेवटी एक ट्रान्झिस्टर आणि एक झेनर (ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) लावून व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर केला आणि विषय संपवला.

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर घेतला की साधारण २० व्होल्ट डीसी मिळतात. ते बीडी १३९ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला द्या, बेस आणि ग्राउंडमध्ये १३ व्होल्टचा झेनर, एमिटरवर, म्हणजे आउटपुटला, मिळतात १२.३ च्या आसपास, कारण ०.७ बेस-एमिटर खातो.

आता कलेक्टर आणि बेसमधला रेझिस्टर, इथेच सगळे अंदाजपंचे करतात. लोड ५० मिलिअँपिअर, गेन (बेसचा करंट किती पट होतो ते) कमीत कमी ४० धरा म्हणजे बेसला सव्वा मिलिअँपिअर, झेनरला ५, एकूण सव्वासहा. (२०-१३) भागिले ०.००६२५ म्हणजे ११२० ओहम, बिनधास्त १ के (१००० ओहम) लावा. ट्रान्झिस्टरवर पावणेआठ व्होल्ट गुणिले ०.०५, जेमतेम ०.४ वॅट, हीटसिंक नसला तरी चालतं.

झेनरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका! मी विसरलो होतो, हेडफोनमध्ये सूं आवाज, दोन दिवस प्रीॲम्पमधल्या ऑपॲम्प आयसीला शिव्या घातल्या. ट्रान्झिस्टरचे पाय बघून लावा, लिहिलेली बाजू आपल्याकडे असेल तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. आणि हो, आउटपुट शॉर्ट केलं की ट्रान्झिस्टर गेलाच समजा, म्हणून दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलात तर दोन-चार जास्तच आणा.