एसयूव्हीच्या एक्झॉस्टमधली गळती: आधी जागा शोधा, मग सुटे भाग आणा

सकाळी गार इंजिन सुरू केले की बॉनेटखाली टिक्-टिक् होते आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबते. बरेच जण हा टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हना उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजतात. तो बहुतेकदा मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या) गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातल्या सीलचा असतो: धातू तापून फुगला की फट बुजते. गाडी गॅरेजपर्यंत जाईतो गरम होते, आवाज गायब होतो आणि मेकॅनिक ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतो. म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी, गार असतानाच दाखवावी.

गाडीच्या पोटाखालून फरफर येत असेल तर संशय जाळीच्या फ्लेक्सिबल पाइपवर घ्या. मागून भसाडा आवाज आला तर सायलेन्सर किंवा त्याचा सांधा. टर्बो डिझेलमध्ये मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) मध्ये गळती असेल तर चढावर पिकअप जातो, कारण टर्बो फिरवणारा वायू वाटेतच निसटतो. पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज घसरल्याची तक्रार कधी कधी इथून सुरू होते.

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, किंवा मागे बसलेल्या मुलांना डोकेदुखी, मळमळ होत असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असेही नाही. तपासणी उघड्यावरच करा, बेसमेंट पार्किंगमध्ये नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. दोन भक्कम स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा.

गळती पकडणे

आधी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सगळे सांधे बघा. डिझेल गाडीत गळतीच्या तोंडाशी काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली असते. पेट्रोलमध्ये डाग फिका, राखाडी असतो.

डोळ्यांना सापडले नाही तर साबण. इंजिन बंद आणि पूर्ण गार. ब्लोअरची किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा फेकणाऱ्या बाजूची नळी टेलपाइपमध्ये घाला आणि भोवती ओले फडके आवळा. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका. वाटीभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचे लिक्विड मिसळून स्प्रेने प्रत्येक सांधा, वेल्ड, जाळी आणि सेन्सरचे बूड भिजवा. मोठ्या भोकातून पाणीच उडते. केसाएवढ्या भेगेवर मात्र बारीक पांढरा फेस हळूहळू साचतो, म्हणून एका जागी अर्धा मिनिट तरी थांबा.

सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक दिसले तर ते बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. छोट्या फेऱ्यांत ते वाफ होऊन बाहेर न पडता तिथेच साचते, आणि ते भोक त्याच्या निचऱ्यासाठी असते. कोकणात खाऱ्या हवेने बाहेरून आणि या पाण्याने आतून, असा सायलेन्सर दोन्हीकडून सडतो.

दुरुस्ती

मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारा. नट अडला तर जोर लावू नका, कारण स्टड (नट बसतो तो आटे असलेला दांडा) इंजिनच्या हेडमध्येच तुटला तर काम दहापट वाढते. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरून फटीत फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे मापक) सरकवा. वाक मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत फुंकेल. आधी प्लेनिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून घ्या. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. आठ मिमीच्या स्टडला बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण अंतिम आकडा मॅन्युअलचाच. जुने गॅस्केट पुन्हा बसवू नका.

फ्लेक्सिबल पाइप फाटला असेल तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते आधार) बघा. माउंटिंगचे रबर बसले की इंजिन जास्त डोलते आणि नवी जाळीही फाटते. जुन्या जाळीची लांबी आणि आतला व्यास मोजून तशीच आणा आणि पीळ न देता वेल्ड करा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावा आणि डिझेल-पेट्रोलच्या नळ्या झाका.

सरळ पाइपला भोक असेल तर बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून स्लीव्ह क्लॅम्प (पाइपभोवती आवळायची धातूची बाही) आणा. भोकाच्या दोन्ही बाजूंना निदान चार-पाच सेंमी चांगला पत्रा हवा. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत जात असेल तर तेवढा तुकडाच बदला. एक्झॉस्ट पुट्टी आणि पट्टी घरी पोहोचण्यापुरती ठीक, मॅनिफोल्डवर तर टिकतच नाही. साधे सिलिकॉन सीलंटही टाळा, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

शेवटी पाइप गाडीखाली टांगणाऱ्या हँगरची रबरे बघा. एक तुटले तरी सगळा भार पुढच्या सांध्यावर येतो. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग साबणाची चाचणी पुन्हा करा. क्लॅम्पचे नट दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर एकदा तपासा.