एका 'ही'ने खाल्लेला आमचा पहिला अंक

मिरजेत आमच्या सर्वधर्मीय गटाचं भित्तिपत्रक काढायचं ठरलं, तेव्हा लिहायला मी एकटीच पुढं झाले. तिथंच चुकलं. नव्यानं गट काढणाऱ्यांनो, उत्साही माणसाच्या हाती लेखणी देऊन मोकळे होऊ नका.

विषय झकास होता. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. मी लिहिलं, 'आपल्या गणपतीत मुस्लिम बांधवही उत्साहाने सामील होतात.' आमच्या गटातल्या चाचींचं माहेर त्याच बाजूचं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "बाळ, गणपती बसलाय मशिदीत. मग कोण कुणात सामील झालं?"

आजही आठवलं की कान तापतात.

दोष त्या 'ही'चा. 'ही' आला की एक यजमान ठरतो, दुसरा पाहुणा. 'बांधव' तसाच, आपल्या शेजारच्या कुलकर्ण्यांना कोणी 'हिंदू बांधव' म्हणतं का? आणि 'आपल्या'! मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. मी 'आपल्या' लिहिलं, पण चाचींना मनातून बाहेरच ठेवलं होतं. वाक्य उलटं करून बघा: 'आपल्या ईदला हिंदू बांधवही उत्साहाने सामील झाले.' टोचलं ना? मग पहिलं वाक्यही खोडा. प्रत्येक ओळ अशी उलटवून वाचा, कंटाळा आला तरी.

तेव्हापासून ज्याच्या घरचं त्यानंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, आपण उतरवून घ्यायचं आणि त्यांची बोली 'शुद्ध' करायची नाही. (मी केली होती. चाची हसल्या, पण पुढचा महिना आल्या नाहीत.)

एका नामवंत वक्त्यांनी सल्ला दिला, "सगळे धर्म एकच सांगतात, तेवढं लिहा." अशा मार्गदर्शकांना नमस्कार करावा आणि निघावं. आमच्या जैन काकू दिवस मावळला की खात नाहीत; रमजानात चाचींचा रोजा तेव्हाच सुटतो. एकच असतं तर बैठकीच्या चहाची वेळ ठरवायला आम्हाला तीन बैठका लागल्या नसत्या.

सणांची यादी मागच्या वर्षावरून उतरवू नका. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यात अधिकमास नाही, त्यामुळं ईदसारखे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतात. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती.

लोक नाव द्यायला कचरतील. सप्टेंबर 2009 ची दंगल इथं कुणी विसरलेलं नाही. निनावी मजकूर घ्या, आग्रह करू नका. चार महिने दोनच पानं निघाली तरी बिघडत नाही. आमचं दीडच निघालं होतं.

तिसऱ्या अंकात चाचींनी स्वतः लिहिलं. सुरुवातच, 'आमच्या गणपतीला...' फलकापाशी तिघांनी मला विचारलं, 'आमच्या' चुकून पडलंय का?