दोन सॉकेटचा सर्व्हर मागवण्याआधी

आधी हे ठरवा की दुसरा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची दुसरी जागा, खरंच लागतोय का. 96 कोर आणि रॅमचे 12 चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) असलेला एएमडीचा एपिक प्रोसेसर 2022 पासून मिळतो, आणि मध्यम आकाराच्या कंपनीचा डेटाबेस त्या एकात सहज मावतो. तरीही दोनच हवे असतील, तर रॅम ‘एकूण किती’ एवढंच पाहून भागणार नाही. एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये (2003) आणि इंटेलने नेहेलेममध्ये (2008) मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) प्रोसेसरच्या आत नेला, तेव्हापासून प्रत्येक सॉकेटची रॅम त्याची त्याची. पलीकडची रॅम वाचता येते, पण मधल्या दुव्यावरून, म्हणजे उशिरा. या रचनेला नुमा म्हणतात, आणि सॉकेट व त्याची रॅम मिळून एक नोड.

म्हणून ऑर्डर देतानाच रॅमची मॉड्यूल (पट्ट्या) दोन्हीकडे सारखी वाटा. सॉकेटला आठ चॅनेल असतील तर 512 जीबीसाठी 32 जीबीची सोळा घ्या. 64 ची आठ घेतलीत तर निम्मे चॅनेल रिकामे राहतात आणि बँडविड्थही (डेटा वाहून नेण्याची क्षमता) निम्म्यावर येते. ‘दुसरा प्रोसेसर पुढच्या वर्षी टाकू’ हा बेत असेल तर तोवर त्या बाजूचे रॅमचे स्लॉट बंद राहतील, शिवाय काही पीसीआय स्लॉटही. नेटवर्क कार्ड कुठल्या सॉकेटच्या स्लॉटमध्ये जाणार, ते मदरबोर्डच्या नकाशात बघून ठेवा.

मशीन आलं की बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग (दोन्ही नोडची रॅम मिसळून एक करणारी सेटिंग) बंद आहे ना, ते पाहा. ते चालू असेल तर लिनक्सला सगळी रॅम एकाच नोडची वाटते. मग ‘नुमासीटीएल’ या लिनक्सच्या कमांडला हार्डवेअरची माहिती विचारा. स्वतःच्या रॅमचं अंतर (उशीर दाखवणारा तुलनात्मक आकडा) 10 दिसेल, पलीकडचं बऱ्याच मशीनवर 21. हे आकडे फर्मवेअर (म्हणजे बायोसच) सांगतं, ते कुणी मोजलेले नसतात, त्यामुळे त्यांवरून वाद घालू नका.

खरी गोची डेटाबेसची. लिनक्स मेमरीचं पान (रॅमचा छोटा तुकडा) त्या नोडवर देतं जिथल्या कोरने ते पहिल्यांदा वापरलं. सुरुवातीला एकाच थ्रेडने (प्रोग्रामच्या कामाच्या एका धाग्याने) डेटाबेसचा भलामोठा बफर (रॅममधला साठा) भरला तर एक नोड गच्च होतो, आणि दुसऱ्यावर रॅम मोकळी असूनही मशीन स्वॅप करू लागू शकतं, म्हणजे रॅममधला डेटा संथ डिस्कवर हलवू शकतं. मायएसक्यूएलमध्ये बफर दोन्ही नोडवर पसरवण्याची सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. व्हर्च्युअल मशीन मात्र शक्यतो एकाच नोडमध्ये बसवा.

शेवटी खरा लोड टाकून ‘नुमास्टॅट’ ही कमांड काय दाखवते ते पाहा. ‘नुमा मिस’चा (हव्या त्या नोडऐवजी दुसऱ्या नोडवर मेमरी दिल्याचा) आकडा भराभर वाढत असेल तर वाटणी कुठेतरी चुकली आहे, मशीन वापरात देण्याआधीच ती शोधा.